आतून पाहणी केलेली नाही

जतन करावयाच्या इमारतींच्या सरकारी यादीत गिल हेडविषयी सात वाक्ये आहेत. ती अशी: ‘गिल हेड, केल्डथ्वेट. राहते घर. बांधकाम सन १७४३, दारावरील कोरीव दगडाप्रमाणे. भिंती ओबडधोबड चुनखडी दगडाच्या, छप्पर दगडी कौलांचे. दोन मजले, तीन खिडक्या. स्थानिक पद्धतीचे साधे उदाहरण. आतून पाहणी केलेली नाही.’

पहिल्या दोन वाक्यांना आक्षेप घेता येत नाही. तिसरे चूक आहे, आणि ती चूक शिकलेल्या माणसाचीच असू शकते. यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात दारावरचा दगड घराचे साल सांगत नाही, लग्नाचे सांगतो. वर आडनावाचे अक्षर, खाली डावीकडे नवऱ्याचे, उजवीकडे बायकोचे, आणि त्याखाली ज्या वर्षी ती उंबरा ओलांडून आत आली ते वर्ष. १७४३ साली राल्फ ऑल्डर्सनने इझाबेलला घरी आणले, तेव्हा गिल हेडने अडीचशे हिवाळे पाहिलेले होते. चौथे वाक्य खरे आहे, पण अर्धे. दगडी कौलांच्या खाली माळावरच्या हेदर झुडपांनी शाकारलेले मूळ छप्पर अजून पडून आहे, आणि ते शेकडो वर्षांच्या धुराने डांबरासारखे काळे झाले आहे. पाचवे बरोबर आहे. खिडक्या मोजता येतात. सहाव्यातला ‘साधे’ हा शब्द लिहिणाऱ्याने त्या घराविषयी बोलताना कधीही उच्चारलेला नव्हता. त्याने उच्चारलेले शब्द निराळे होते, आणि ते कार्यालयीन नव्हते.

सातवे वाक्य चूक नाही. ते खोटे आहे. ज्याने ते लिहिले तो १९८४ च्या ऑक्टोबरात अकरा दुपारी त्या घरात होता. त्याने तिथल्या शेकोटीवर मोजे वाळवले होते. जिन्याची कोणती पायरी करकरते हे त्याला अंधारातही सांगता आले असते. चुकीची दुरुस्ती तळटीपेत होते. खोट्याची मात्र हकिगतच सांगावी लागते.

पहिल्या दुपारी बुरबुर पाऊस होता. तो पडतो की नुसता हवेत उभा असतो हे कळू नये, असा. थर्झा ऑल्डर्सन छपरावर होती. वय सत्तावीस, धंदा बापाचाच, दगड आणि चुना. कमरेला पोते, हातात चपटी लोखंडी पट्टी, आणि बोटे ओल्या शेवाळाने हिरवी.

“घरमालक आहेत का?” खालून आवाज आला.

“मालक पंधरा मैलांवर असतात,” ती न वळता म्हणाली. “भाडेकरू हवे असतील तर एक छपरावर आहे, एक शेकोटीपाशी.”

“छपरावर तुम्ही काय करताय?”

“शेवाळ भरतेय.”

“मला वाटलं, शेवाळ काढायचं असतं.”

“लंडनला काढत असतील,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिने खाली पाहिले. लांब कोट, काखेत वही, चष्म्यावर पाण्याचे थेंब. “इथे बर्फ आडवा येतो. कौलांच्या फटीत शेवाळ नसेल तर सकाळी अंथरुणात बर्फ सापडतो.”

तो माणूस दारासमोर गेला, मान वर करून दगड पाहिला, आणि वहीत लिहिले. त्याच्या चेहऱ्यावर नेमके उत्तर सापडल्याचे समाधान पसरले. “सतराशे त्रेचाळीस,” तो म्हणाला.

“काय सतराशे त्रेचाळीस?”

“तुमचं घर.”

“तुमच्या आईचं लग्न कधी झालं हो?”

तो गोंधळला. “एकोणीसशे पन्नास. का?”

“मग वहीत लिहून ठेवा – आईचा जन्म, एकोणीसशे पन्नास.”

तो लगेच हसला नाही. आधी दगडाकडे पाहिले, मग तिच्याकडे, मग पुन्हा दगडाकडे… आणि मग अशा रीतीने हसला की चष्म्यावरचे थेंब गालावर आले. त्याने वहीतली ओळ खोडली. ह्यू टॅरंट, वय एकतीस, वास्तुइतिहासाचा पदवीधर. तीन परगण्यांतल्या कॅथीड्रलांच्या कमानी त्याला तोंडपाठ होत्या. दिवसाला वीस घरे पाहून वीस नोंदी करायच्या, असा त्याला हुकूम होता. त्या दिवशी त्याने एकच घर पाहिले.

“थर्झे, कोण आहे?” आतून खोकल्यासकट हाक आली.

“सरकार आहे बाबा. ओलं झालंय.”

“मग बाहेरच पिळ, आणि आत आण.”

किट ऑल्डर्सन एकाहत्तर वर्षांचा होता. साठ वर्षे दगड घडवला, त्यातला बराचसा त्याच्या छातीत जाऊन बसला होता. त्याने पाहुण्याला नाव विचारले नाही, खुर्ची दाखवली, फळांच्या केकचा तुकडा दिला आणि त्यावर चीजची जाड चकती ठेवली.

“हे… एकत्र खायचं?” ह्यूने विचारले.

“नाही, साहेब. एकाने खायचा, दुसऱ्याने बघायचं,” किट म्हणाला. “खा. सरकारला विष घालायला आम्ही चीज वापरत नाही, महाग पडतं.”

मग थर्झाने कंदील उचलला आणि त्याला वरच्या माळ्यावर नेले. तिथे, पलंगामागच्या भिंतीतून, एक प्रचंड वाकडा ओक जमिनीकडून वर येत छपराच्या कण्यापर्यंत गेला होता. समोरच्या भिंतीतून त्याचा जुळा तसाच वाकून आला होता, आणि दोघांची डोकी वर टेकली होती.

“क्रक,” ह्यू कुजबुजला. असे खांब त्याने पुस्तकांत पाहिले होते. “एकाच झाडाचे दोन भाग…”

“एकच झाड मधोमध चिरायचं, उघडायचं, समोरासमोर उभं करायचं. म्हणून वाक सारखा. भिंती नंतर आल्या. भिंती पडल्या तरी हे उभं राहील.” तिने खांबावर तळवा ठेवला. “अशा दोन जोड्या आहेत. एक ही, एक खालच्या अंगाला. तिथे पूर्वी गुरं असायची, आता इस्टेटीचं, म्हणजे मालकांचं, कुलूप आहे. पण मधल्या कुडातून शिरता येतं, पोट आत घेतलं तर.”

“तुम्ही घेता?”

“मला घ्यावं लागत नाही. तुमचं सांगा.”

पुढे जे झाले ते समजण्यासाठी शेकोटीवरच्या फळीवर घड्याळामागे खोचलेले एक पत्र ठाऊक असले पाहिजे. ते इस्टेटीचा कारभारी रूकबी याचे होते. गिल हेड आतून मोकळे करून त्याची सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी दोन बिऱ्हाडे करण्याचा इस्टेटीचा मानस होता. ऑल्डर्सन बापलेकींनी पंचवीस मार्चपर्यंत घर सोडावे. मात्र – कारभाऱ्याला कायदा कळत होता – घराच्या आतील भागाला सरकारी नोंदीत महत्त्व मिळाल्यास हा बेत रद्द होईल आणि भाडेकरार पूर्ववत चालेल.

थर्झाने ते पत्र दुसऱ्याच दुपारी ह्यूला वाचून दाखवले. “म्हणजे सगळं तुमच्या वहीवर आलं,” ती म्हणाली. “बाबा या घरात जन्मले. खाली गावात त्यांना सरकारी खोली देणार आहेत, गॅसच्या शेगडीची. तिथे ते एक हिवाळा काढणार नाहीत.”

“वहीवर नाही,” ह्यू म्हणाला. “खांबांवर आहे. मी फक्त जे आहे ते लिहिणार.”

हे वाक्य त्याने मनापासून उच्चारले, यात शंका घेण्याचे कारण नाही. माणसे बहुतेक वाक्ये मनापासूनच उच्चारतात.

मोजमापाला टेप लागतो, आणि टेपला दोन टोके असतात. एक त्याच्या हातात, एक तिच्या. तो आकडा ओरडायचा, ती वहीत लिहायची. मग ती ओरडायची, तो लिहायचा. पाने दोन अक्षरांत भरत गेली – त्याचे बारीक आणि तिरपे, तिचे मोठे आणि ठोकळ, जणू छिन्नीने कोरलेले. चौथ्या दुपारी ‘तुम्ही’ कुठेतरी खाली पडले आणि कुणी उचलले नाही.

“ताणून धर ना.”

“मी ताणूनच धरलंय. तू सैल सोडतोस.”

“मी नाही सोडत. तू जवळ येतेस.”

ती थांबली. टेप मधोमध झोळीसारखा लोंबला. “आकडा सांग,” ती म्हणाली.

“विसरलो.”

“सरकारला पगार कशाचा मिळतो?”

“विसरण्याचा नाही…” तो म्हणाला. “म्हणून पुन्हा मोजू.”

सहाव्या दुपारी दोघे कौलांच्या आणि जुन्या शाकारणीच्या मधल्या पोकळीत पोटावर सरपटत गेले. वर पाऊस दगडावर वाजत होता, बोटभर अंतरावर; आत कोरडा, कडवट, जुन्या धुराचा वास. ह्यूने काळ्या हेदरची एक काडी हातात घेतली आणि कंदिलाजवळ धरून फिरवत राहिला.

“काय झालं?” तिने विचारले.

“हे कुणीतरी माळावरून उपटून आणलं. एखाद्या सप्टेंबरात. त्याचे हात खरचटले असतील.” तो थांबला. “मी चर्चच्या कमानींवर चारशे पानं लिहिलीत, थर्झा. कुणाचे हात खरचटले असतील हे एकदाही मनात आलं नाही.”

कंदील मधे होता. त्याने तिचा हात हातात घेऊन उलटा केला. चुन्याने बोटांच्या पेरांना पडलेल्या भेगा पाहिल्या, मोजल्यासारख्या, एकेक. तिने हात ओढून घेतला नाही. पुढे काय झाले याची मोजमापाच्या वहीत नोंद नाही, त्या दुपारच्या पानावर फक्त दोन आकडे आहेत आणि दोन्ही चुकीचे.

चहाला खाली आले तेव्हा किटने लेकीकडे पाहिले, मग पाहुण्याकडे, मग कपात.

“पोरी, नाकाला पाचशे वर्षांची काजळी लागलीय.”

तिने बाहीने नाक पुसले.

“साहेबांच्या हनुवटीलाही तीच,” किट म्हणाला. “घर गळतंय वाटतं. शेवाळ नीट भर.”

उरलेल्या पाच दुपारींत मोजण्यासारखे फारसे उरले नव्हते, तरी ह्यू येत राहिला. शेवाळाची पोती शिडीवरून चढवायला तो शिकला; दोनदा घसरला, एकदा पोत्यासकट. खोऱ्यात दिवस लहान होत होते. दारावरच्या दगडाखाली उभा राहून त्याने एकदा विचारले, नवा दगड बसवायचा झाला तर अक्षरे कुणाची कुठे येतील. “वर टी,” थर्झा म्हणाली, “खाली डावीकडे एच. उजवीकडेही टी. टॅरंट, ह्यू, थर्झा. दोन टी झाल्या, लोकांना वाटेल पाथरवट तोतरा होता.” आणि मग आपण केवढे बोलून बसलो हे ध्यानात येऊन ती एकदम शिडी चढून गेली…

अकराव्या दुपारी तो निरोप घ्यायला आला. ती अंगणात पोत्यांची तोंडे बांधत होती.

“लंडनला ये,” तो म्हणाला. “चुन्याचं काम कळणारी माणसं तिकडे मिळत नाहीत. हवं तेवढं काम आहे. आणि… मी आहे.”

“आणि बाबा?”

“त्यांनाही घेऊन ये.”

“बाबांना लंडन? ते रिचमंडच्या बाजाराला गेले तरी दुपारी परत येतात, घर जागेवर आहे का बघायला.”

“आणि तू? तुझं काय?”

ती दोरीची गाठ मारत राहिली. गाठ नीट बसली होती, तरी सोडून पुन्हा मारली. “मी या घराची आहे, ह्यू. तू इथे ये. दगडी कौलं काय, साहेबही बसवू शकतात. थोडे घसरतात, एवढंच.”

“घर नसतं तर?”

“घर नसतं तर केव्हाच आले असते,” ती हसून म्हणाली.

नकार गोड व्हावा म्हणून माणसे असे काही बोलतात. जेवणाऐवजी सुपारी दिल्यासारखे, पोट त्याने भरत नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक असते, घेणाऱ्यालाही. ह्यू हसला नाही. त्याने तिच्या कपाळावर ओठ टेकले आणि उताराची वाट धरली. ती कुंपणाशी उभी राहून पाहत होती. वळणावर तो थांबला, पण त्याने तिच्याकडे पाहिले नाही. घराकडे पाहिले.

नोव्हेंबरात त्याची आठवड्याला दोन पत्रे आली. डिसेंबरातही. चांगली पत्रे होती. लंडनच्या पावसाला वास नसतो, असे एकात होते. यादीविषयी त्यात काही नव्हते, आणि थर्झाने विचारले नाही. काम ज्याचे त्याला करू द्यावे, या शिस्तीत ती वाढली होती.

जानेवारीत किटच्या छातीने असहकार पुकारला आणि त्याला नऊ दिवस डार्लिंग्टनच्या इस्पितळात ठेवावे लागले. थर्झा तिथेच बाकावर झोपली. दहाव्या दिवशी बापाला घेऊन ती परतली तेव्हा गल्लीच्या तोंडावरूनच तिला दिसले. गिल हेडच्या छपराची कड, जी तिने जन्मापासून सरळ पाहिली होती, खालच्या अंगाला खचली होती… म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीसारखी.

इस्टेटीच्या कुलपाआड करवती चालल्या होत्या. खालची जोडी जमिनीपासून गुडघाभर उंचीवर कापून बाहेर काढली होती आणि छपराला लोखंडी टेकू दिले होते. भुशाचा ढीग पडला होता. पाचशे वर्षे काळा दिसलेला ओक आतून मधाच्या रंगाचा निघाला.

रूकबी हजर होता, हातमोजे घालून. त्याने अदबीने टोपी काढली. “आमच्या ताब्यातला भाग आहे, मिस ऑल्डर्सन. वरच्या भागाचं मार्चनंतर बघू.”

“क्रक कापलेत तुम्ही. पाचशे वर्षांची जोडी.”

“असं आपले वडील म्हणतात. म्हातारी माणसं गोष्टी सांगतात, गोड असतात. पण सरकारी कागदात आत काही आहे असं कुठे आहे?” त्याने घडी उघडून कागद तिच्यापुढे धरला. “कागदात नाही, म्हणजे नाही. या गृहस्थाने आत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. त्याने स्वतः लिहून दिलंय, बघा. खाली सही आहे.”

तिने सही पाहिली. ह्यूच्या एच या अक्षराचा डावा पाय लांब असायचा. तिच्याकडच्या वीसेक पत्रांच्या शेवटी तो तसाच लांब होता.

किट गाडीतून उतरला नव्हता. काचेतून त्याने भुसा पाहिला. “थर्झे,” तो म्हणाला, “सरकार आत आलं होतं ना? का मीच केक एकटा खाल्ला?”

त्या संध्याकाळी तिने लंडनला तीन ओळी लिहिल्या. खालची जोडी कापली. कागदावर तुझी सही आहे. हे कसं झालं. चौथ्या दिवशी उत्तर आले: मजकूर कार्यालयात कापला गेला असणार, मी दुरुस्त करून घेतो, माझ्यावर विश्वास ठेव.

तिने ठेवला. ती मूर्ख नव्हती. पण दोष एका माणसाचा की कार्यालयाचा, असा प्रश्न पडला आणि त्या माणसाने आपल्या बोटांच्या भेगा एकेक करून मोजलेल्या असल्या, तर कार्यालय दोषी ठरायला वेळ लागत नाही. दुरुस्ती मात्र आली नाही. तेव्हा तिने परगण्याकडे तक्रार नेली, गावातल्या चाळीस जणांच्या सह्या घेतल्या, आणि बारा मार्चला मेथडिस्ट चॅपेलच्या शाळाखोलीत जाहीर सुनावणी लागली. वरची जोडी राहणार की जाणार, आणि तिच्याखाली राहणारा म्हातारा राहणार की जाणार, हे त्या खोलीत ठरायचे होते. ह्यू टॅरंटला साक्षीला बोलावले होते. बोलावणारी इस्टेट होती. नोंद आपलीच आहे, एवढे त्याने सांगितले की इस्टेटीचे काम होत होते.

चॅपेलच्या स्वयंपाकघरात चहाचे मोठे भांडे उकळत होते. थर्झा कप मांडत असताना तो दारात आला. बारीक झाला होता.

“थर्झा.”

तिने कप खाली ठेवला. पाच महिने तिने हा आवाज फक्त कागदावर ऐकला होता. “दाढी नीट झालेली नाही तुझी,” ती म्हणाली. “इकडे, कानाखाली.”

“बाबा कसे आहेत?”

“खोकतात. पहिल्या रांगेत बसलेत, मयतीचा कोट घालून. म्हणाले, मयत कुणाची ते संध्याकाळी कळेल.”

“मला… तुला काही सांगायचंय. आधी तुला.”

ती जवळ आली. त्याची कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. तिने ती बाहेर काढून सरळ केली आणि बोटे क्षणभर तिथेच राहू दिली. “कार्यालयानं काय काय कापलं तेच ना? मला नंतर सांग. त्यांना आधी सांग.”

“थर्झा, ऐक –”

“तू सांगशील या भरवशावर मी दोन महिने झोपलेय, ह्यू. जा. बोलावतायत.”

अध्यक्षस्थानी परगण्याबाहेरून आलेल्या एक करड्या केसांच्या बाई होत्या. शेजारी एक लघुलेखिका शब्दन् शब्द उतरवून घेत होती. इस्टेटीच्या वकिलाने नोंदीचा कागद ह्यूपुढे ठेवला.

“ही नोंद आपली?”

“हो.”

“सही आपली?”

“हो.”

“म्हणजे आपण घराच्या आत गेला नाहीत.”

ह्यूने कागदाकडे पाहिले. पहिल्या रांगेतून किट ऑल्डर्सन, परवानगी न घेता, म्हणाला, “बोल की, लंडनकर. चहा निवतोय.”

“गेलो होतो,” ह्यू म्हणाला.

“किती वेळा?”

“अकरा.” त्याने कोटाच्या आतून वही काढून टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी ती उघडली. दोन जोड्यांची मापे, शाकारणीचे थर, मातीने लिंपलेले कुडाचे धुराडे, पानामागून पान, दोन अक्षरांत. त्यांनी एका पानावरून बोट फिरवले, आणि वरच्या जोडीचा निकाल त्या बोटाखाली लागला हे खोलीतल्या प्रत्येकाला कळले. रूकबीने हातमोजे घालायला सुरुवात केली.

वकील मात्र सावरला. हरलेल्या वकिलाला निदान दोष कुणाच्या तरी गळ्यात घालायचा असतो. “मग हे सातवं वाक्य?” त्याने विचारले. “आपण एक लिहिलंत, आणि कार्यालयानं ते बदललं, असं समजायचं का?”

हा प्रश्न नव्हता, उघडे दार होते. ‘हो’ म्हटले की झाले. घर वाचलेलेच होते. नोकरी वाचली असती. दुसऱ्या रांगेत थर्झा तो बोलण्याआधीच मान डोलावत होती, विसरलेले उत्तर मुलाला आठवावे म्हणून आई डोलावते तशी. तीही त्याची झाली असती. कार्यालयाला भावना नसतात. या एका खोट्याने कुणाचेही नुकसान होणार नव्हते, आणि तिघांचे भले होणार होते. ह्यू टॅरंटच्या बाजूने जे काही म्हणता येईल ते एवढेच, की त्याने त्या दाराकडे पाहिले आणि तो आत गेला नाही.

“नाही,” तो म्हणाला.

“मग कुणी लिहिलं?” अध्यक्षांनी विचारले. “आणि का?”

वरची जोडी आजही उभी आहे. किट ऑल्डर्सन तिच्याखाली आणखी चार हिवाळे खोकला, आणि पाचव्यात थांबला. थर्झाने खालच्या अंगाची भिंत स्वतःच्या हातांनी पुन्हा चुन्यात बांधली. यादीच्या पुढच्या आवृत्तीत गिल हेडला सात वाक्यांच्या जागी दीड पान मिळाले. त्या दिवशी सुनावणीनंतर ती ह्यूला काय म्हणाली हे कुणालाही सांगता येत नाही, कारण ती काही म्हणाली नाही; तिने मांडलेले कप गोळा केले, धुतले, आणि मागच्या दाराने बापाला घेऊन गेली. अध्यक्षांच्या प्रश्नाला ह्यूने दिलेल्या उत्तराचे शब्द मात्र लघुलेखिकेने उतरवले, आणि इतिवृत्ताच्या एकतिसाव्या पानावर ते असे आहेत:

‘मीच लिहिलं. कार्यालयानं एक अक्षरही कापलेलं नाही. आत काय आहे हे मला इंच इंच माहीत होतं. ते लिहिलं असतं तर घर राहिलं असतं, आणि घर राहिलं असतं तर मिस ऑल्डर्सन तिथेच राहिल्या असत्या. मला त्या माझ्याकडे हव्या होत्या. घर गेलं की त्या येतील असं मला वाटलं. त्यांचे वडील कुठे जातील याचा विचार माझ्या मनात आला होता. मी तो बाजूला ठेवला. खालची जोडी कापल्याचं त्यांचं पत्र मला एका गुरुवारी मिळालं. त्या संध्याकाळी मी बाजारात गेलो आणि माझ्या खोलीसाठी दुसरी खुर्ची विकत आणली.’